अंथरुणाला टेकलेल्या ज्येष्ठांची ताकद घरच्या घरी कशी वाढवायची

सांगलीत आमराईत सकाळी फिरणारे ज्येष्ठ दिसले की बरं वाटतं, पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. जे आमराईपर्यंत पोचूच शकत नाहीत, पलंगावरून उठायला ज्यांना कुणाचा तरी हात लागतो, बाथरूमला जाताना जे भिंत धरून जातात, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

माझ्या सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या आहेत. न्यूमोनियामुळे दवाखान्यात होत्या. छाती बरी झाली, पण घरी आल्या तेव्हा पायांत उभं राहण्याचंही त्राण नव्हतं. भेटायला येणारे सगळे एकच सांगायचे, "आता आराम करू द्या त्यांना." मिरजेहून घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की दुखणं संपलंय, आता ताकद कमवायची आहे, आणि ती पडून राहून येत नाही. निरोगी वयस्कर माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास आहे. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू कमी झाला होता. आजारी माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

आणि "या वयात आता काय वाढणार?" असं कुणी म्हणालं, तर हे सांगा. १९९० साली बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या माणसांकडून ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तीही नव्वदीत.

१. आधी ओळखा: हा नुसता थकवा आहे का?

वृद्धांच्या अशक्तपणाची पाच लक्षणं डॉक्टर पाहतात: प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचालच कमी होणं. यांतली तीन किंवा जास्त असतील तर तो अशक्तपणा गंभीर धरतात. एक-दोन असतील तर सुरुवात करायला तीच उत्तम वेळ.

घरात हे असं दिसतं: ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागतो, बाटलीचं झाकण फिरत नाही, जेवायला हाक मारली तर "इथंच आणून दे" म्हणतात, उंबरा ओलांडताना चौकट धरतात. आपण "वय झालं" म्हणतो आणि ताट खोलीत नेऊन देतो.

२. डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना हे घेऊन जा

ही पायरी गाळू नका. फक्त "व्यायाम करू का?" असं विचारलंत तर "हो, हळूहळू करा" एवढंच उत्तर मिळतं. "खुर्चीतून उठण्याचा आणि वजन बांधून पायांचा व्यायाम सुरू करायचाय, हृदय, बीपी आणि हाडं बघून चालेल का ते सांगा" असं विचारा.

सोबत न्यायचं:

- जुनी फाइल आणि डिस्चार्ज कार्ड
- चालू गोळ्या. यादी नको, पाकिटं जशीच्या तशी पिशवीत घालून न्या. दोन डॉक्टरांची एकच गोळी दोन नावांनी चालू असल्याचं अशानेच लक्षात येतं.
- आठवडाभराचं बीपी आणि साखर लिहिलेला कागद
- ईसीजी, इको, मणक्याचे किंवा खुब्याचे एक्स-रे असतील तर ते
- शासकीय रुग्णालयात जाणार असाल तर केस पेपर काढायला आधार कार्ड

बीपी एकदा आडवं असताना मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर आधी ते डॉक्टरांना सांगा, कारण उठण्याच्या व्यायामात असा माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

सुरूच करायचं नाही ते केव्हा: बसल्या जागी छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, बीपी १८०/११० च्या वर असेल, ताप असेल, नुकतं हाड मोडलं असेल किंवा पायाला एकाएकी सूज आली असेल तर. हर्निया असेल, किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर वजन कधीपासून उचलायचं ते त्या-त्या डॉक्टरांनाच विचारा. मणका दबलेला असेल तर पुढे वाकण्याचे आणि कंबर पिळण्याचे प्रकार टाळायचे, बाकीचं बहुतेक करता येतं. गुडघेदुखी मात्र थांबण्याचं कारण नाही. मांडीचा स्नायू सशक्त झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

शक्य असेल तर पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. मिरज तर दवाखान्यांचंच गाव आहे, आपल्या भागात माणूस मिळायला अडचण येत नाही. पण मशिनचा शेक देऊन जाणारे नकोत, उभं करून व्यायाम करून घेणारे हवेत. हे फोनवरच विचारून घ्या.

३. पहिल्या दिवशी मोजून ठेवा

दोनच चाचण्या पुरतात.

पहिली: हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? ८० ते ८४ वयाच्या बाईला ९ पेक्षा कमी, पुरुषाला १० पेक्षा कमी जमलं तर पाय कमकुवत आहेत असं धरतात. हात टेकून उठले तर आकडा शून्य लिहायचा.

दुसरी: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे.

दोन्ही करताना शेजारी कुणीतरी उभं हवंच. आकडे कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहा आणि महिन्याने परत घ्या. शून्यावर असलेल्या माणसाला स्वतःहून दोनदा उठता आलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि पुढचा महिना आग्रह करावा लागत नाही.

४. सामान

महाग काही लागत नाही.

- खुर्ची: लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली, बैठक साधारण १७ इंच उंच. प्लॅस्टिकची नको, ती फरशीवर सरकते आणि पाय फाकतात. खुर्ची नेहमी भिंतीला टेकवूनच ठेवायची.
- सतरंजी: घडी घालून बैठक उंच करायला.
- पाण्याच्या बाटल्या: अर्ध्या लिटरची म्हणजे अर्धा किलो, लिटरची म्हणजे एक किलो. घरातला यापेक्षा बिनचूक काटा नाही.
- घोट्याला बांधायचे वाळूचे पट्टे: अर्ध्या किलोची जोडी. सर्जिकलच्या दुकानात मिळते.
- रबरी पट्टा: सगळ्यात हलक्या ताणाचा घ्या. बहुतेक वेळा तो पिवळा असतो, पण कंपनीनुसार रंग बदलतात, म्हणून दुकानात ओढून बघा.
- पायात: मागे पट्टा असलेली सपाट चप्पल किंवा बूट. मोजे घालून फरशीवर नको, आणि स्लीपर तर नकोच.

वॉकर, तिपाई काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात. आधार, पासबुक आणि फोटो घेऊन समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

५. मुख्य व्यायाम: खुर्चीतून उठणं

बाकी काहीच जमलं नाही तरी हा एक करा. संडासला स्वतः जाता येणं, पलंगावरून उतरता येणं, एस.टी.ची पायरी चढता येणं, हे सगळं याच ताकदीवर चालतं.

खुर्चीच्या मागच्या बाजूला टेकून बसलेल्या माणसाला आधी पुढे कडेवर सरकवा. पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. मग सांगा, "नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुका." इथंच सगळे अडतात. पुढे पडू या भीतीने म्हातारी माणसं पाठ मागे ठेवूनच उठू बघतात, आणि धपकन परत बसतात. आपल्याला वाटतं पायांत जोर नाही. पुष्कळदा नुसतं झुकणं शिकवलं तरी दोन दिवसांत फरक दिसतो. समोर हातभर अंतरावर एखादं जड टेबल ठेवा, म्हणजे झुकायला धीर येतो.

तुम्ही समोर उभे राहू नका, बाजूला किंचित मागे राहा. दंडाला किंवा काखेत धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कमरेला जुन्या ओढणीचा पट्टा घट्ट बांधा आणि तो पाठीमागून धरा. उचलायचं नाही, तोल गेला तरच सावरायचं.

उठताना जरा झपकन, बसताना सावकाश, मनात तीन म्हणेपर्यंत. बसणं हा निम्मा व्यायाम आहे. धपकन बसलं की तो वाया जातो, मणक्यालाही दणका बसतो.

श्वास रोखायचा नाही, त्याने बीपी एकदम चढतं. पण "श्वास सोडा" म्हटलं की सासूबाई गोंधळून जायच्या. फिजिओ ताईंनी सांगितलं, उठताना मोठ्याने काहीतरी म्हणा. आई "विठ्ठल" म्हणू लागल्या. बोलताना श्वास कोंडताच येत नाही! आता दहा वेळा विठ्ठल झाला की व्यायाम झाला, आकडे मोजावे लागत नाहीत.

अजिबात उठता येत नसेल तर खुर्चीवर सतरंजीची जाड घडी घाला आणि दोन्ही हात टेकू द्या. मग या क्रमाने अवघड करत न्या: दोन हात, एक हात, हात नाही. मग सतरंजीची एकेक घडी कमी. मग छातीशी अर्ध्या लिटरची बाटली, मग लिटरची.

आपल्या जिल्ह्यात एक वेगळा सापळा आहे. हा कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा मुलूख, तालमीत घुमलेले आजोबा गल्लोगल्ली आहेत. आमच्या शेजारचे एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, खुर्चीचा व्यायाम ऐकून म्हणाले, "आम्ही पाचशे बैठका मारायचो, ह्यात काय आहे?" आणि थेट खाली बसले. दोघांनी मिळून उठवावं लागलं. त्यांचा उत्साह मोडू नका, पण बैठक खुर्चीपर्यंतच. जुन्या सवयीचं अंग आहे, नीट चालवलं तर ते इतरांपेक्षा लवकर सुधारतात, असं मी पाहिलंय.

६. जोडीला एवढे पुरेत

- बसून गुडघा सरळ करणं: एकेक पाय, वर दोन सेकंद थांबून सावकाश खाली. जमलं की घोट्याला अर्ध्या किलोचा पट्टा.
- टाचा उचलणं: स्वयंपाकाच्या ओट्याला धरून.
- पाय बाजूला नेणं: ओटा धरून, अंग न झुकवता. चालताना तोल सावरणारा स्नायू हाच.
- भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर लांब उभं राहून.
- पट्टा ओढणं: पट्टा खिडकीच्या गजातून घेऊन दोन्ही टोकं पोटाकडे ओढायची. पोक काढून बसणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो.

शेवटी ओटा धरून पावलं एकापुढे एक ठेवून दहा सेकंद उभं राहायचं. तोलाचा सराव वेगळा करावा लागतो, ताकदीबरोबर तो आपोआप येत नाही.

७. किती, आणि वाढवायचं कधी

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. रोज करायचा हट्ट नको, स्नायू भरून यायला तो मधला दिवस लागतो. नाश्त्यानंतर तासाभराने करा. उन्हाळ्यात आपल्याकडे दहानंतर अंगाची लाही होते, त्याआधीच उरका. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी मुळीच नको. खडीसाखर खिशात ठेवा, घाम आणि थरथर सुटली तर थांबून लगेच द्या.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा. पहिले दोन आठवडे एकेक फेरी, मग मध्ये दोन मिनिटं बसून दुसरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "दहापैकी किती जड गेलं?" हे प्रत्येक वेळी विचारा. सुरुवातीला पाचच्या आसपास ठीक. महिन्याभरात सात-आठवर यायला हवं, म्हणजे शेवटचे दोन उठताना खरंच जोर लागला पाहिजे. सलग दोन दिवस बारा वेळा सहज जमले की वजन वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट: सतरंजीची घडी काढली असेल तर त्याच दिवशी बाटली देऊ नका. बहुतेक घरांत व्यायाम इथंच फुकट जातो. सहा-सहा महिने तोच पिवळा पट्टा, तेच दहा वेळा. माणसं बिचारी नेमाने करतात आणि ताकद तिथंच राहते, कारण स्नायूला जास्त काही मागितलेलंच नसतं. चालण्याचंही तेच आहे. चालणं हृदयाला चांगलं, सुरू ठेवाच, पण सपाट रस्त्यावर चालून खुर्चीतून उठण्याची ताकद फारशी वाढत नाही.

८. कुठलं दुखणं चालतं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड होणं, बोटाने दाबल्यावर दुखणं, हे चालतं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "मला काहीतरी झालंय" म्हणून बंद पडतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, सूज, किंवा दोन दिवसांनंतरही वाढत जाणारी वेदना आली तर तो प्रकार थांबवा आणि विचारा. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, एकाएकी बोबडं बोलणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन.

९. ताटाकडे लक्ष

वयस्करांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. आणि त्या काय खातात? सकाळी चहा-बिस्किट, दुपारी आमटी-भात, रात्री दूध-भात. यातून निम्मंही भागत नाही. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.)

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास. दात नसतील तर दाण्याचं कूट ताकात किंवा भाजीत सढळ हाताने घाला. आमटी वरवरची पाणीदार वाढू नका, तळाची दाट वाढा. मुगाचं धिरडं, पिठलं, मऊ शिजवलेली मटकी, पनीर कुस्करून. उपासांचंही बोला. सोमवार, गुरुवार, एकादशी सगळे धरले तर अशक्त माणसाच्या अंगावर काही राहत नाही. आमच्याकडे एकादशी राहिली, बाकीचे सोडायला आईंनी स्वतःच हो म्हटलं, पण ते घरातल्या त्यांच्या वयाच्या माणसाने समजावल्यावर. सुनेने सांगून हे होत नाही.

पावडरच्या डब्यांबद्दल: बॉस्टनच्याच त्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये सरासरी ८७ वयाच्या १०० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद १० आठवड्यांत ११३ टक्क्यांनी वाढली. व्यायामाविना नुसतं पूरक पेय घेणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. डबा आणायचा तर आणा, पण खुर्ची भिंतीला लावल्यावर.

१०. घरच्यांनी टाळायच्या गोष्टी

मदतीची घाई करू नका. पाण्याचा तांब्या, चष्मा, रिमोट सगळं हाताशी ठेवलं की उठायचं कारणच संपतं. एकाने व्यायाम करून घ्यायचा आणि दुसऱ्याने "अगं पुरे, दमल्या त्या" म्हणायचं, हेही थांबवा; घरात आधी एकमत करा. लहान मुलांना मात्र सामील करून घ्या. नातवंडाने "आजी, आज बाटली मोठी" म्हटलं की आजी नाही म्हणत नाही.

११. खंड पडला तर

लग्न, पाहुणे, सर्दी-ताप, पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढलं की नातेवाईकांकडे हलणं, खंड पडणारच. ताप उतरून दोन दिवस झाले, जेवण सुरू झालं की परत धरा. सोडलं होतं तिथून मात्र नको. पट्ट्याचं वजन काढून टाका, खुर्चीवर सतरंजीची एक घडी जास्त घाला, दहाच्या जागी पाच-सहा वेळा करून घ्या. दुसऱ्या आठवड्यात ३० सेकंदांची चाचणी परत घ्या, आकडा कालनिर्णयावर लिहा आणि सातव्या टप्प्यात दिलेल्या रीतीने तिथून वाढवत न्या.